पेशंट सोबत नव्हता, म्हणून क्लेम नामंजूर

नाना डॉक्टरांसमोर बसले की पूर्वीचे नाना होतात. शर्टाची वरची गुंडी लावलेली, खिशाला पेन, आणि डॉक्टरांनी काही विचारायच्या आत हेच त्यांची विचारपूस करणार. सातारा जिल्ह्यातल्या हायस्कुलात आयुष्यभर मराठी शिकवलेला माणूस. स्मरणशक्तीची ती ३० गुणांची चाचणी असते, तिच्यात त्यांनी २५ मिळवले होते. त्या चाचणीत शेवटी एक वाक्य लिहायला सांगतात. नानांनी इतकं सुरेख, गोळीबंद वाक्य लिहिलं की डॉक्टर ते दोनदा वाचत बसले. एमआरआय आणि बाकीच्या तपासण्यांवरून अल्झायमरचं निदान झालं ते नंतर. आयुष्यभर लिहिण्यावाचण्यात घालवलेल्या माणसाचे गुण बराच काळ चांगले येत राहतात, असं डॉक्टरांनी आम्हाला तेव्हाच सांगितलं होतं.

घरचं चित्र वेगळं होतं. दिवेलागणीच्या सुमाराला त्यांची बेचैनी सुरू व्हायची. पेन्शनचे पैसे चोरीला गेले म्हणून कामाच्या मावशींवर आळ यायचा. मावशी आमच्याकडे माझ्या लग्नाच्याही आधीपासून आहेत. त्या पदराने डोळे पुसत पोळ्या लाटायच्या. रात्री उठून ते दाराची कडी काढत, शाळेला उशीर होतोय म्हणत. कधी अंथरूण ओलं व्हायचं आणि ते लपवण्यासाठी चादर कपाटाच्या मागे कोंबलेली सापडायची.

हे सगळं त्यांच्यादेखत डॉक्टरांना कसं सांगणार? एकदा मी नुसता पैशांचा विषय काढला, तर ते माझ्याकडे बघून म्हणाले, "सूनबाई, माझी तक्रार करायला आणलंस होय मला?" परतताना रिक्षात एक शब्द बोलले नाहीत. दोन दिवस जेवणही अर्धवटच. ज्याला आपल्याला काही झालंय हेच जाणवत नाही, त्याच्यासमोर त्याच्या लाजिरवाण्या गोष्टींची यादी वाचायची आणि वर त्याला उपचार म्हणायचं, हे मला मुळीच मान्य नव्हतं. डॉक्टरांनाही ते पटलं. ते म्हणाले, "पुढच्या वेळी तुम्ही एकट्या या. अर्धा तास ठेवतो. घरातली सगळी औषधं पिशवीत भरून आणा, दुकानातून सहज आणलेलीसुद्धा."

त्या अर्ध्या तासाबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण पुढचं सगळं त्यावरच उभं आहे.

डॉक्टरांनी एकेक गोष्ट विचारली. बेचैनी किती वाजता सुरू होते, त्याआधी चहा होतो का, दुपारी किती झोपतात. शौचाला रोज होते का. लघवीला जळजळ, वास? पडले का, कशाला अडखळले? कानाचं यंत्र लावतात का? गोळी तोंडात घेतात की गिळतातही? हे प्रश्न नानांना विचारले असते तर प्रत्येकाला "उत्तम" असं उत्तर आलं असतं. मग पिशवी टेबलावर रिकामी केली. रक्तदाबाची गोळी, अल्झायमरवरची डोनेपेझिल, व्हिटॅमिनची बाटली, आयुर्वेदिक चूर्ण, आणि खालून निघाली सर्दीच्या गोळ्यांची अर्धी संपलेली पट्टी. नाकातून पाणी येतं म्हणून नाना कोपऱ्यावरच्या औषधवाल्याकडून त्या आणायचे आणि रोज संध्याकाळी घ्यायचे. पट्टीची बाकीची पाकिटं त्यांच्या टेबलाच्या खणात मिळाली होती.

डॉक्टरांनी पट्टी उलटी करून बारीक अक्षरं वाचली. त्यात क्लोरफेनिरामिन होतं. डोनेपेझिल मेंदूतलं अॅसिटिलकोलीन हे स्मरणशक्तीला लागणारं रसायन टिकवून धरायचा प्रयत्न करतं, आणि ही सर्दीची गोळी नेमकं त्याचंच काम अडवते. म्हाताऱ्या माणसात त्याने गोंधळ वाढतो, बद्धकोष्ठ होतं, लघवी तुंबते. म्हणजे एका हाताने आम्ही औषध देत होतो आणि दुसरीकडे ते पुसलं जात होतं. डॉक्टरांनी ती गोळी बंद केली, लघवीची तपासणी लिहून दिली, डोनेपेझिलची वेळ रात्रीऐवजी सकाळी केली, पुढच्या आठवड्यात नानांना प्रत्यक्ष बघायचं ठरवलं आणि मला संध्याकाळसाठी काही सूचना दिल्या: चार वाजता फिरायला न्यायचं, अंधार पडायच्या आत घरातले सगळे दिवे लावायचे, चोरीचा आळ आला तर वाद घालायचा नाही, सोबत शोधायला लागायचं.

संध्याकाळची घालमेल महिनाभरात निम्म्यावर आली. मावशींवरचा आळ अजून अधूनमधून येतो, पण त्यांना आता काय करायचं ते ठाऊक आहे.

माझ्या दृष्टीने नानांच्या सबंध आजारपणातली सर्वांत उपयोगी भेट तीच होती. आणि नेमका तिचाच क्लेम नामंजूर झाला.

माझ्या कंपनीच्या ग्रुप मेडिक्लेममध्ये मी, नवरा, मुलगी आणि सासरे असे चौघं आहोत. वरती ओपीडीचाही लाभ आहे, म्हणजे दाखल न होता डॉक्टरांची फी, तपासण्या, औषधं, वर्षाला १५ हजारांपर्यंत. असा लाभ सगळ्यांना नसतो. साध्या मेडिक्लेमला दाखल व्हावं लागतं, नाहीतर ठरावीक डे-केअर प्रक्रिया, म्हणजे करून त्याच दिवशी घरी सोडतात अशा. सत्तरीच्या पुढच्यांसाठी २०२४ पासून आलेलं आयुष्मान वय वंदना कार्डही पाच लाखांपर्यंतचा खर्च उचलतं, पण तो दाखल झाल्यावरचा. डिमेन्शियाचा, म्हणजे अल्झायमरसारख्या स्मृती जाणाऱ्या आजाराचा पेशंट वर्षानुवर्षं घरीच असतो. भारतात साठीच्या पुढचे असे अंदाजे ८८ लाख लोक आहेत, आणि त्यांचा बहुतेक खर्च या ओपीडीच्या खात्यातलाच असतो.

बिल नानांच्या नावावर होतं. केसपेपरवर डॉक्टरांनी स्वच्छ लिहिलं होतं: "रुग्ण अनुपस्थित. सून भेटीस. माहिती घेतली, औषधांचा आढावा, बदल खालीलप्रमाणे." मला काही जण म्हणाले, कशाला लिहू दिलंस, 'रुग्ण अनुपस्थित' नसतं तर गुपचूप पैसे आले असते. मला ते तेव्हाही पटलं नव्हतं, आजही पटत नाही. डॉक्टरांनी न बघितलेल्या पेशंटला बघितल्याचं लिहावं, ही अपेक्षाच चुकीची. उद्या त्याच कागदावरून कोणी औषध ठरवलं तर? शिवाय आपल्याला जे हवंय ते आडमार्गाने मिळालं तर पुढच्याला तेवढंही मिळणार नाही.

टीपीएकडून, म्हणजे विमा कंपनीसाठी क्लेम हाताळणाऱ्या संस्थेकडून, मेल आला. दोन ओळी. पेशंटची तपासणी झालेली नाही, नातेवाइकाशी केलेली सल्लामसलत देय नाही. कलमाचा उल्लेख नाही.

मी आधी तेच मागितलं. आयआरडीएआय, म्हणजे विमा कंपन्यांवरचं सरकारी नियामक प्राधिकरण, त्याच्या २९ मे २०२४ च्या मास्टर सर्क्युलरप्रमाणे क्लेम नाकारताना पॉलिसीतल्या कुठल्या अटीवरून नाकारला ते विमा कंपनीने स्पष्ट कळवायचं असतं, आणि कंपनीच्या आढावा समितीच्या मंजुरीशिवाय क्लेम नाकारता येत नाही. ही एक ओळ मेलमध्ये लिहिल्यावर उत्तराचा सूर बदलला. कलम आलं. ओपीडी उपचाराची व्याख्या होती ती, सगळ्या कंपन्यांच्या पॉलिसीत जवळपास तीच असते, कारण ती आयआरडीएआयनेच प्रमाणित करून दिलेली आहे: विमाधारक दवाखान्यात, रुग्णालयात किंवा सल्लाकक्षात जातो आणि डॉक्टरांच्या सल्ल्यानुसार निदान वा उपचार घेतो, दाखल होत नाही, तो उपचार. 'विमाधारक जातो' यावर त्यांनी बोट ठेवलं होतं. नाना गेले नाहीत, मी गेले.

इथे मला दोन दिवस लागले विचार करायला. शब्दांकडे बघितलं तर त्यांचं म्हणणं अगदीच गैर नव्हतं. पण ज्या आजारात पेशंट स्वतःच्या लक्षणांचा साक्षीदारच होऊ शकत नाही, तिथे ही व्याख्या शब्दशः लावली तर त्या आजाराचा उपचारच कापला जातो. मला हे कुठेतरी अधिकृत लिहिलेलं हवं होतं, माझं मत म्हणून नव्हे.

ते सापडलं टेलिमेडिसिनच्या, म्हणजे फोन किंवा व्हिडिओवरून दिल्या जाणाऱ्या वैद्यकीय सल्ल्याच्या मार्गदर्शक सूचनांत. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने त्या २५ मार्च २०२० ला, म्हणजे देशभरची टाळेबंदी सुरू झाली त्याच दिवशी, जाहीर केल्या. त्यात पेशंट आणि डॉक्टर यांच्याखेरीज काळजीवाहक आणि डॉक्टर असा सल्लामसलतीचा वेगळा प्रकारच दिलाय. त्यातही दोन पोटप्रकार: पेशंट काळजीवाहकाजवळ आहे, आणि पेशंट जवळ नाही. दुसऱ्या प्रकारात म्हटलंय की पेशंट लहान मूल असेल किंवा डिमेन्शिया, शारीरिक अपंगत्व अशा कारणाने असमर्थ असेल, तर काळजीवाहकाला त्याच्या वतीने सल्ला घ्यायचा अधिकार आहे असं धरलं जाईल. इतर बाबतींत लेखी अधिकारपत्र किंवा नात्याचा पडताळलेला पुरावा, नाहीतर पूर्वीच्या प्रत्यक्ष भेटीत पेशंटने दिलेली संमती लागते. आणि मग पुढे, अशी सल्लामसलत पेशंटशी केलेल्या सल्लामसलतीसारखीच चालवायची. डिमेन्शियाचं नाव तिथे उदाहरण म्हणून छापलेलं बघितलं आणि मी खुर्चीवरून उठलेच. इतके दिवस आपण काहीतरी जगावेगळं मागतोय असं मला भासवलं जात होतं.

याच्याच जोडीला आयआरडीएआयचं ११ जून २०२० चं परिपत्रक आहे. पॉलिसीत जिथे डॉक्टरांचा सल्ला मंजूर आहे तिथे टेलिमेडिसिनही मान्य करा, असं त्यात विमा कंपन्यांना सांगितलंय. दोन्ही कागद एकत्र ठेवले की सरळ बसतं: मी घरून व्हिडिओ कॉल केला असता तर नाना शेजारच्या खोलीत झोपलेले असतानाही ती सल्लामसलत ग्राह्य ठरली असती. मग मी रिक्षाने जाऊन समोर बसले, पिशवी दाखवली, तर ती अग्राह्य कशी?

तिसरी गोष्ट मला डॉक्टरांच्या सहायकाने सांगितली. क्लेम फॉर्मवर आजाराचा कोड लिहावा लागतो, जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणाच्या दहाव्या आवृत्तीतला. अल्झायमरला जी ३०. पण त्याच पुस्तकात झेड ७१.० असाही एक कोड आहे, आणि त्याचा अर्थच 'दुसऱ्या व्यक्तीच्या वतीने सल्ला घेणारी व्यक्ती'. म्हणजे जगभरच्या दवाखान्यांत ही गोष्ट इतकी नेहमीची आहे की तिला स्वतःचा क्रमांक आहे. सहायकाने बजावलं मात्र, "मॅडम, मुख्य कोड जी ३० च राहू द्या. झेडचा दुसऱ्या ओळीत. पहिला झेड दिसला की त्यांना आजारच नाही असं वाटतं." त्यांना रोजचा अनुभव, मी ऐकलं.

जी ३० ऐवजी काही ठिकाणी एफ अक्षराचा कोड पडतो, कारण अल्झायमरमधला डिमेन्शिया मानसिक विकारांच्या प्रकरणातही येतो. तेव्हा कुणी 'हा मानसिक आजार, पॉलिसीत नाही' म्हटलं तर तेही ऐकून घ्यायचं नाही. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ मधलं कलम २१(४) सांगतं की मानसिक आजाराच्या उपचारांना शारीरिक आजारांसारखाच विमा मिळाला पाहिजे, आणि त्या कायद्याच्या व्याख्येत स्मृती आणि भान यांचे गंभीर बिघाड येतात.

आता अधिकारपत्राबद्दल. असमर्थ पेशंटसाठी ते लागत नाही, असं सूचनाच म्हणतात. तरी डॉक्टर म्हणाले, नानांना अजून पुष्कळ कळतं, त्यांना न विचारता का करायचं? मानसिक आरोग्य कायद्यातही आपला प्रतिनिधी साध्या कागदावर सही किंवा अंगठा देऊन नेमता येतो, स्टँप पेपर लागत नाही. मला ते फार आवडलं. एका सकाळी, नाश्त्यानंतर, म्हणजे त्यांची सर्वांत चांगली वेळ असते तेव्हा, मी कागद पुढे ठेवला. मजकूर एवढाच की माझ्या प्रकृतीबद्दल माझा मुलगा व सून डॉक्टरांशी माझ्या गैरहजेरीत बोलू शकतात, माझे कागद बघू शकतात.

नानांनी चष्मा पुसला, कागद वाचला, परत वाचला. मग विचारलं, "गैरहजेरीत काय बोलणार?"

"तुम्हाला झोप लागते का, जेवण जातं का, हेच. तुम्ही सांगता का कधी डॉक्टरांना खरं?"

"नाही सांगत," असं म्हणून ते हसले. मग पेन काढून खाली स्वतःच्या हाताने लिहिलं, 'हे मी राजीखुशीने लिहून देत आहे', तारीख घातली, आणि ती त्यांची लांब शेपटाची सही केली, प्रगतिपुस्तकांवर करायचे तशी. त्यानंतर काही महिन्यांतच सही अडखळायला लागली. ज्यांच्या घरी आजार नुकता सुरू झालाय त्यांना मी हात जोडून सांगते, हा कागद आत्ता करा. त्यात विम्याचा भाग दुय्यम आहे. आपल्या माणसाने आपल्याला स्वतः सांगितलेलं असतं, याचा पुढे फार आधार होतो.

तक्रार मी टीपीएकडे केली नाही. टीपीए हा मधला कारकून, निर्णय विमा कंपनीचा. कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लिहिलं. सोबत डॉक्टरांचं अर्ध्या पानाचं पत्र, आणि खरं काम त्या पत्राने केलं. त्यांनी लिहिलं होतं की या आजारात रुग्णाला स्वतःच्या लक्षणांची जाणीव नसते. काळजीवाहकाकडून माहिती घेणं हा निदान व उपचाराचाच भाग आहे. त्या दिवशी घेतलेल्या माहितीवरून अमुक औषध बंद केलं, तमुकची वेळ बदलली, लघवीची तपासणी सांगितली. हे सर्व रुग्णाच्या उपचाराचे निर्णय आहेत. जोडीला त्या दिवशीचं प्रिस्क्रिप्शन आणि लघवीचा रिपोर्ट. तो रिपोर्ट कंपनीने विनातक्रार मंजूर केला होता! ज्या भेटीत तपासणी सांगितली ती भेट अमान्य आणि तपासणी मान्य, हे मी फक्त शेजारी शेजारी मांडलं.

उत्तराची मुदत १४ दिवसांची असते. ती उलटली तर आयआरडीएआयच्या विमा भरोसा पोर्टलवर किंवा त्यांच्या १५५२५५ या नंबरवर तक्रार, आणि महिनाभरात समाधान झालं नाही तर विमा लोकपाल, असा माझा क्रम ठरलेला होता. लोकपालांचं कार्यालय पुण्यातच आहे, फी नाही, वकीलही लागत नाही. तिथवर जावं लागलं नाही. मुदतीच्या अखेरीस कंपनीतून एका बाईंचा फोन आला. आवाजावरून पन्नाशीच्या असाव्यात. त्यांनी विचारलं, "ताई, तुम्ही गेलात त्या वेळी पेशंटजवळ कोण होतं?" मी म्हटलं, शेजारच्या काकू. त्या थोडं थांबून म्हणाल्या, "हं, आमच्याकडेही आई आहे." फाइलमध्ये त्यांनी काय लिहिलं मला ठाऊक नाही. क्लेम मंजूर झाला.

सगळा नाही. आणि जो भाग नाकारला तो योग्यच नाकारला असं माझं मत आहे. त्याच महिन्यात मी डॉक्टरांच्याच दवाखान्यातल्या समुपदेशक बाईंकडे गेले होते, कारण माझी झोप उडाली होती, मुलीवर विनाकारण ओरडत होते, रात्री कडीचा आवाज झाला नाही तरी मला ऐकू येत होता. रिसेप्शनवर सवयीने तेही बिल नानांच्या नावावर फाडलं गेलं. कंपनीने विचारलं, यात पेशंटच्या उपचाराबद्दल काय आहे? काहीच नव्हतं. तो उपचार माझा होता. मी स्वतः त्याच पॉलिसीत विमाधारक आहे, तेव्हा दवाखान्याने माझ्या नावाचा केसपेपर काढला. पुढे मानसोपचारतज्ज्ञांनी मला तपासून निद्रानाशाचं निदान लिहिलं, आणि तिथून पुढची माझी बिलं माझ्या नावावर मंजूर होत आहेत. हा फरक कळायला हवा. आपण आपल्या माणसाबद्दल बोलायला गेलो तर ती त्याची भेट, बिल त्याच्या नावावर. आपण आपल्याबद्दल बोलायला गेलो तर ती आपली भेट. एकाच खुर्चीत बसून दोन्ही बोललो तर डॉक्टरांना तिथेच विचारायचं, ही कुणाची भेट धरायची.

आणि आपल्याबद्दल बोलायला जायचंच. बायका विशेषतः जात नाहीत. माझी नणंद नाशिकला तिच्या सासूबाईंचं बघते, त्यांनाही डिमेन्शिया. तिला मी कितीदा म्हटलं, तर म्हणते, "वहिनी, मला काय झालंय?" तिच्या पॉलिसीत ओपीडी नाही. तिला मी १४४१६ हा टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा नंबर दिला. २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये सुरू झालेली ही सरकारी सेवा फुकट आहे, मराठीत बोलता येतं, आणि काळजी घेणाऱ्यांनीही फोन करायचा असतो. तिने केला एकदा, भाजी चिरता चिरता. खूप वेळ रडली म्हणे, आणि मग बरं वाटलं.

तिच्यासाठी विम्यातून एक फट मात्र निघाली. गेल्या पावसाळ्यात सासूबाई पडल्या, खुब्याचं ऑपरेशन झालं. साध्या मेडिक्लेममध्येही डिस्चार्जनंतर साधारण ६० दिवसांचा त्या आजाराशी संबंधित खर्च मिळतो, पॉलिसीप्रमाणे कमीजास्त. ऑपरेशननंतर त्यांचा गोंधळ खूप वाढला होता. पलंगावरून उठवून रिक्षात घालणं शक्य नव्हतं, म्हणून नणंद एकटी जाऊन डॉक्टरांना भेटली. त्या भेटीचं बिल तिने डिस्चार्ज कार्डाच्या प्रतीसह लावलं, डॉक्टरांनी 'शस्त्रक्रियेनंतरचा पाठपुरावा, रुग्ण हलवण्याच्या स्थितीत नाही, सून भेटीस' असं लिहिलं होतं. एका प्रश्नानंतर मिळाले पैसे.

बाकी खर्चासाठी तिच्या नवऱ्याने आयकर कायदा, १९६१ मधलं ८०डीडीबी हे ठरावीक आजारांच्या उपचारखर्चावर करसवलत देणारं कलम वापरलं. जुनी करपद्धत निवडली असेल तरच ते मिळतं. नियमांतल्या आजारांच्या यादीत डिमेन्शिया नावानिशी आहे, अपंगत्व ४० टक्के किंवा जास्त असल्याचं न्यूरॉलॉजीत डीएम झालेल्या डॉक्टरांचं प्रमाणपत्र लागतं, आणि ज्येष्ठ नागरिकासाठी मर्यादा एक लाखाची आहे. विम्यातून मिळालेली रक्कम त्यातून वजा होते. त्यांच्या सीएला यादीत डिमेन्शिया आहे हे ठाऊक नव्हतं.

माझी चुलतबहीण न्यू जर्सीत असते, तिला हे सगळं सांगितलं तर म्हणाली, त्यांच्याकडे मेडिकेअरने, म्हणजे तिथल्या ज्येष्ठांच्या सरकारी आरोग्य विम्याने, २०२४ पासून काळजीवाहकाला शिकवण्याचे वेगळे कोड सुरू केलेत, पेशंट हजर नसला तरी डॉक्टरांना त्याचे पैसे मिळतात. तिथे हे व्हायलाही इतकी वर्षं लागली. आपल्याकडे निदान टेलिमेडिसिनच्या सूचनांत काळजीवाहक आधीच आहे. ओपीडीच्या व्याख्येत त्याला आणायला एक वाक्य पुरेल, आणि ते वाक्य आयआरडीएआयने लिहावं असं मला मनापासून वाटतं, म्हणजे प्रत्येक घराला आपापली लढाई लढावी लागणार नाही.

तोवर ग्रुप पॉलिसीत करता येण्यासारखं एक आहे. ग्रुप पॉलिसी दर वर्षी नव्याने ठरते आणि आपण नोकरी करतो त्या कंपनीला त्यात अटी घालून घेता येतात. नूतनीकरणाच्या आधी मी एचआरमधल्या मुलीला सगळी फाइल दाखवली. तिने ब्रोकरकडे विषय लावून धरला. प्रीमियममध्ये म्हणण्याजोगा फरक पडला नाही, कारण १५ हजारांची मर्यादा तीच होती, फक्त तिच्यात काय बसतं ते स्पष्ट झालं. नव्या पॉलिसीच्या जोडपत्रात आता लिहिलंय की डिमेन्शिया किंवा अशाच असमर्थतेत विमाधारकाच्या उपचारासाठी काळजीवाहकाने घेतलेला वैद्यकीय सल्ला, डॉक्टरांनी तशी नोंद केलेली असल्यास, विमाधारकाची भेट मानला जाईल.

एचआरने ते जोडपत्र सगळ्यांना मेल केलं. संध्याकाळच्या आत दोघांचे फोन आले. एक आमच्याच मजल्यावर बसतो, त्याच्या वडिलांना पार्किन्सन्स आणि आता विसरही. दुसरी अकाउंट्समधली, तिची आई. वर्षानुवर्षं शेजारी बसून डबा खाल्लाय आम्ही, कुणी कुणाला बोललो नव्हतो. तिने पहिला प्रश्न विचारला तो पैशांचा नव्हता. "डॉक्टर एकटीला भेटतात का गं? विचारायचं कसं?" मी म्हटलं, तसंच विचार, मला आईबद्दल तिच्यामागे बोलायचंय म्हणून. आणि जाताना घरातली सगळी औषधं पिशवीत घालून ने.